प्रोफेसरांची रेषा

प्रोफेसर अल्द्रोवान्दींनी टेबलावरचा दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्या दालनाला दाखवला. “बघा, ही मान बघा! काय डौल आहे!”

मिलानच्या त्या स्पर्धेत वस्तूवर नाव घालायचं नसे. फक्त एक खूणशब्द द्यायचा. निकालात तो पुकारला की वस्तू करणाऱ्याने उभं राहायचं. प्रोफेसर पंचांचे प्रमुख. त्यांच्या कचेरीतल्या बाल्दो आणि नेरिओनेही एक दिवा पाठवला होता, पण प्रोफेसरांनी तो मुद्दाम आधी पाहिला नव्हता. उगाच कुणी नावं ठेवायला नको!

मागच्या रांगेत एर्सिलिया क्वाल्या हातमोजे पिळत बसली होती. बारा वर्षं तिने प्रोफेसरांकडे दिवे, खुर्च्या, कपाटं आखली. सही अर्थात त्यांची. मागच्या वर्षी नोकरी सोडून तिने स्वतःची पाटी लावली. पाटी वाचून लोक आत यायचे आणि तिलाच विचारायचे, “आर्किटेक्टसाहेब कुठायत?” आज बक्षीस हुकलं तर पाटी उतरवायची, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिला भयंकर भीती वाटत होती.

त्यात सकाळी दारातच प्रोफेसर भेटले. “काय बाईसाहेब, फिटली का हौस? सोमवारपासून या परत. तुमच्यासारखी कॉफी कुणाला जमत नाही बघा.”

आता तर त्यांच्या उत्साहाला नुसता ऊत आला होता. “बाकीचे पंच दुसऱ्याच दिव्यावर अडून बसले होते. मी भांडलो त्यांच्याशी! अहो, ही माझ्या कचेरीची रेषा. झोपेतसुद्धा ओळखेन मी.”

पंचाने असं बोलू नये. पण प्रोफेसरांना सांगणार कोण?

त्यांनी खूणशब्द पुकारला. “बगळा!”

बाल्दो आणि नेरिओ जागचे हलले नाहीत.

“उठा की रे! नव्या नवरीसारखे लाजताय काय?”

उठली ती एर्सिलिया. दालनभर कुजबुज झाली. तिला हसू काही केल्या दाबता येईना.

प्रोफेसरांनी दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा दिव्याकडे पाहिलं. “अरे, पण... ही रेषा तर माझ्या कचेरीची आहे!”

“होती, प्रोफेसर,” बाल्दो खाली मान घालून म्हणाला. “मागच्या वर्षीच राजीनामा देऊन गेली.”