पहिला मालक

त्र्याण्णव साली क्षिप्राने एक कॅसेट किळसून परत आणली. "पंढरीशेठ, सिनेमाआधी हा म्हातारा काय चघळतोय?"

सारसोळे गावच्या पंढरीने नेरूळच्या आपल्या व्हिडिओ लायब्ररीत ती पुन्हा लावली. हॉलिवूडच्या स्टुडिओचं नवं, चकचकीत चिन्ह झळकलं. त्यामागून म्हातारा पुढे सरकला. उघड्या तोंडाने तो मचमच करत चघळत होता. हनुवटीवरून लाळ गळत होती.

"पैला मालक हाय तो. स्टुडिओ तीनदा इकला, वयनी, पन ह्यो काय जात नाय."

"शी! बंद करा."

पंढरीने टीव्ही बंद करून कॅसेट बाहेर ओढली. आतली फीत ओली, चिकट झाली होती. तिला कुजक्या मांसाचा वास येत होता. क्षिप्राने नाकाला पदर लावला.

मचमच मात्र चालूच होती.

बंद टीव्हीच्या काळ्या काचेवर आतून एक जाड, पांढरी जीभ फिरली आणि क्षिप्राच्या प्रतिबिंबापाशी येऊन थांबली.