भाषणातलं बोलणं

"जाहीर सभेत माणूस चार शब्द वाढवून बोलतोच," मंत्र्यांचा वकील न्यायाधीशांना म्हणाला. "माझे अशील भाषणात जे बोलतात, ते कुणी शहाणा माणूस खरं मानत नाही. मग अब्रू जाण्याचा प्रश्न येतोच कुठे?"

समोरच्या बाकावर गाडीमावशी ताठ बसली होती. बाजूला काळ्या कोटात तिची भाची. सनद मिळाल्यानंतरचा भाचीचा हा पहिलाच दावा, आणि तोही थेट मंत्र्यांवर.

मावशीनं एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली होती. रोज सकाळी ती बसभोवती एक फेरी मारायची, चाकं दाबून बघायची, आरसे पुसायची आणि मगच किल्ली फिरवायची. मुलं तिला गाडीमावशी म्हणत. त्यांच्या आईबापांनाही तिचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. एक दिवस नव्या पुलाचा कठडा तिला डुगडुगताना दिसला. तिनं बस बाजूला घेतली, उतरून हातानं हलवून पाहिला आणि घरी जाऊन वर्तमानपत्राला चार ओळींचं पत्र लिहिलं.

मंत्र्यांनी त्या पुलाची फीत कापून जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांनी भर सभेत उत्तर दिलं, "पूल हलत नाही. हलते ती बाई! सकाळी सकाळीच झोकून गाडीवर बसते."

मावशीनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण तेवढ्या वाक्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. दुसऱ्या दिवशी बस अर्धी रिकामी गेली. एका आईची तिन्ही मुलं मावशीच्याच बसनं पहिल्यांदा शाळेत गेली होती. तिनंसुद्धा धाकटीला हाताला धरून पायरीवरून खाली ओढलं. आठवड्याभरात मुख्याध्यापकांनी किल्ली मागून घेतली आणि मावशीला वह्या-खडूंच्या खोलीत बसवलं. त्याच आठवड्यात कुणीतरी गुपचूप येऊन पुलाचा कठडा वेल्डिंग करून गेलं. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

"मोठ्या माणसाच्या नादी लागू नकोस, ताई," भाऊ म्हणाला. "चार दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील रे. त्या धाकटीला काय सांगू?"

तिनं बदनामीचा दावा लावला. मागणं एकच होतं. मंत्र्यांनी भर सभेत माफी मागावी. दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. मध्ये मंत्र्यांचा माणूस घरी येऊन गेला. पत्र चुकीचं होतं असं तिनं लिहून द्यावं, मग साहेबही 'गैरसमज झाला' म्हणतील. मावशीनं त्याला चहा पाजला आणि आल्या वाटेनं परत पाठवला.

आज न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून मंत्र्यांकडे पाहिलं. "वकील म्हणतात तेच तुमचंही म्हणणं आहे?"

मंत्र्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजता त्यांची सभा होती. "तेच माझं म्हणणं."

"म्हणजे या बाई पितात, याला तुमच्याकडे काही आधार नव्हता?"

"काडीचाही नाही. ते आपलं भाषणातलं बोलणं."

मावशीनं भाचीच्या कोटाची बाही ओढली. "माफी नको आता. हेच लिहून घे. शब्द न् शब्द."

"अगं मावशी, दोन वर्षं आपण माफीसाठीच भांडतोय!"

"माफी मागतील, आणि उद्या तीही भाषणातलीच म्हणतील. तू सही घे."

भाचीनं कागद पुढे ओढून मंत्र्यांचं बोलणं उतरवून घेतलं. मग उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हेच निवेदन मंत्रिमहोदयांनी सहीनिशी द्यावं. आम्ही आत्ताच्या आत्ता दावा मागे घेतो."

मंत्र्यांच्या वकिलाच्या कपाळाला आठी पडली. तो वाकून मंत्र्यांच्या कानाशी लागला. "साहेब, जरा थांबू या. मजकूर मी एकदा..."

मंत्र्यांनी हात झटकला. निवडणूक महिन्यावर आली होती आणि हा दावा त्यांच्या घशात हाडकासारखा अडकला होता. "फुकटात सुटतोय, वकीलसाहेब. आणा इकडे."

लिपिकानं दोन वाक्यं टाइप केली. 'बसचालक बाई दारू पितात, हे माझं विधान निराधार होतं. मी भाषणात जे बोलतो, ते शहाण्या माणसानं खरं मानायचं नसतं.' मंत्र्यांनी खाली झोकदार सही ठोकली, हसून मावशीला हात जोडले आणि लगबगीनं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानं तो कागद सहीसकट जसाच्या तसा छापला.

सोमवारी मुख्याध्यापक स्वतः वह्या-खडूंच्या खोलीत आले. हातात बसची किल्ली होती. "जरा गैरसमज झाला होता, मावशी."

"मला नव्हता झाला," ती म्हणाली. किल्ली घेतली आणि आधी आरसे पुसायला गेली. त्या दुपारी धाकटी पायरी चढून थेट तिच्या मागच्या सीटवर येऊन बसली.

पुढच्याच आठवड्यात भरलेली बस चौकात अडकली. मंत्र्यांची सभा चालू होती आणि रस्ता माणसांनी फुलला होता. मावशीनं इंजिन बंद केलं. खिडकीची काच सरकवली.

"येत्या वर्षभरात इथे दोनशे खाटांचं इस्पितळ उभं राहील!" मंत्री गरजले. "हा माझा शब्द आहे!"

टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि अगदी अदबीनं त्यांनी विचारलं, "साहेब, हे भाषणातलं, की सहीचं?"