शाळेतलं कपाट

सपना वारल्यावर वर्षभरानं पंचफुलाबाईंनी लेकीची गोष्टींची पुस्तकं मानोऱ्याजवळच्या तांड्यावरच्या शाळेला देऊन टाकली. प्रत्येक पुस्तकावर सपनानं पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलेलं.

आज वाशीमला जाता जाता बाई शाळेत डोकावल्या. हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकानं लोखंडी कपाट दाखवलं. त्याला कुलूप होतं.

"पोट्टे पानं फाडतेत, ताई. तुमी देल्यापासून उघडलंच नाई. पुस्तकं जशीच्या तशी हायेत."

बाईंनी कपाटाच्या दारावर हात ठेवला. मग हळूच कान लावला.

"चाबी आना, सर."

"काहून? परत नेता का पुस्तकं?"

"नाई. माही सपना अंधाराले लय भेते."