रापलेला चेहरा

बाबांच्या पंचाहत्तरीला यायला रजाच मिळत नाही, असं आईला सांगून आश्लेषा अमेरिकेतल्या रेडमंडहून आठ दिवस जपानला, ओकिनावाच्या समुद्रावर जाऊन आली. परतल्यावर तिने नागपूरला व्हिडिओ कॉल केला.

"किती रापलीस गं!" आई म्हणाली. "तुमच्याकडे तर महिनाभर नुसता पाऊस आहे ना?"

आश्लेषाने मान खाली घातली. आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "आशू का? बिचारीला सुट्टीसुद्धा देत नाहीत. बघू दे तरी जरा!"

 

आईने चटकन फोन छातीशी उलटा धरला. "तिचा व्हिडिओ बंद पडलाय हो. नुसतं बोला."