माझ्यासमोर

“माझ्यासमोर थुंकायचं. आड गेलीस तर डबी फेकून देईन,” शिला सिस्टरनं बजावलं, तशा लिंबाखाली रांगेत उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

हसणाऱ्यांना हसू दे. शिला दोनदा फसली होती. बाहेर माणसं थुंकी रस्त्यावर टाकतात, जेलात ती उसनी मिळते. ज्याला दवाखान्याच्या खाटेवर आराम हवा, तो रोग्याची घेतो. ज्याला जागचं हलायचं नसतं, तो निरोग्याची. म्हणून दर सोमवारी टीबीच्या तपासणीला कळमनुरीहून आली की ती एकेकीला समोर उभं करी आणि प्रत्येक फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिही : नमुना माझ्यासमोर घेतला. या ओळीचा तिला मोठा अभिमान होता.

रांगेत शेवटी दिपा होती आणि तिच्या कडेवर पाच वर्षांची आरोही. बाप राहिला नव्हता आणि सहा वर्षांपर्यंत लेकराला आईजवळ ठेवता येतं, म्हणून पोरगी आत होती. दिपावर आरोप होता तो शेताच्या धुऱ्याच्या भांडणात दिराला डोक्यात दगड घालून मारल्याचा. केस अजून उभी राहिली नव्हती. पंधरा दिवस झाले, आरोही खोकत होती.

“सर्दी हाये सिस्टर, दुसरं काई न्हाई.”

“ते मशीन सांगंल. तुला खोकला?”

“न्हाई.”

“ताप येतो का? घाम?”

“पत्र्याखाली घाम कोनाला न्हाई येत?”

खरंच होतं. दिपाच्या पोलक्याच्या बाह्या सैल लोंबत होत्या, पण जेलात येऊन अंग धरलेली बाई शिलानं अजून पाहिली नव्हती. तिनं एकच डबी काढली आणि तिच्यावर आरोहीचं नाव घातलं.

“पॉझिटिव्ह आलं तं काय करता?” दिपानं विचारलं.

“लेकराला इथं न्हाई ठेवता येणार. बराकीत तीस बाया हायेत.”

 दिपानं पोरीला जरा घट्ट धरलं.

आरोही मात्र थुंकायला तयार होईना. डबी पाहिली की आईच्या पदरात तोंड खुपसून रडायची.

“तुमाला भेऊन राहिली ती. एक डाव तिकडं तोंड करा ना, सिस्टर.”

शिलाला पाझर फुटला. पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. थुंकी उसनी देऊ शकेल अशा प्रत्येक बाईला तिनं आधी बराकीत घातलं, दाराला कडी लावायला लावली. लिंबाखाली मायलेकीच उरल्या. मग तिनं पाठ फिरवली. मागून खोकल्याचा आवाज आला, झाकण लागलं. फॉर्मवर तिनं नेहमीची ओळ लिहिली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. शिलाच्या मनात क्षणभर शंका चाटून गेली होती, ती मिटली. दिपाला लबाडीच करायची असती, तर रिपोर्ट साफ आला असता.

लेकराला न्यायला गाडी आली, तेव्हा दिपानं सिस्टरचे पाय धरले.

“ते तिचं न्हाई वो! माझं हाये ते! माझं हाये!”

शिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. दवाखान्यात असं बोलणाऱ्या आया तिनं कितीक पाहिल्या होत्या. लेकराची इडापिडा आई अशीच आपल्यावर ओढून घेते.

“उठ. मंगळवारी तुझी जामिनाची तारीख हाये. आता तमाशा केला तं जेलरसाहेब आडवं लिहितील. मग लेकरू कधीच न्हाई भेटायचं.”

दिपानं पाय सोडले. जामीन काही झाला नाही.

आरोहीची आजी, म्हणजे दिपाची सासू नर्मदाबाई, जिल्ह्यातल्याच गोरेगावला राहायची. “माझ्या लेकाचा जीव घेणारीचं पोर, त्यात रोगाचं. माझ्या उंबऱ्यात नको,” असं तिनं फोनवरच सांगून टाकलं. पोरगी टीबीच्या वॉर्डात राहिली. आठवडाभरात तिचा खोकला गेला. गोळ्यांचा गुण, शिला म्हणाली.

बाकीच्यांच्या तपासणीसाठी एक्स-रेची गाडी यायला तीन आठवडे लागले. दिपाची फिल्म पाहून डॉक्टर धम्मानंद यांनी ती पुन्हा उजेडात धरली.

“फुफ्फुसात भोक आहे. सहा महिन्यांचं तरी दुखणं असेल.”

“लेकराकडून लागलं असंल.”

“लहान लेकरं सहसा देत नाहीत, सिस्टर. घेतात.”

म्हणजे आईनंच पोरीला दिलं तर! शिलाला चीड आली, मग कीवही आली. ती तडक दिपाकडे गेली आणि झालं ते सांगितलं. दिपाचा चेहरा उतरला, म्हणून तिला बरं वाटावं असंही बोलली.

“रडू नको. सहा महिने गोळ्या घेतल्या की साफ होशील. आरोही मजेत हाये. शेजारच्या खाटेवरची सोजराबाई तिला लई जीव लावते. एका ताटात जेवतात दोघी, रातच्याला तिच्याच कुशीत झोपती.”

“त्या बाईलाबी हेच हाये?”

“व्हय. तिचं जरा खराब हाये. दोनदा गोळ्या बदलल्या, लागूच पडून न्हाई राहिल्या. पण आरोहीला आता काय भ्याव? तिला तं आधीच झालेला हाये.”

दिपा गजाला धरून खाली बसली.

“लेकरू खोकत व्हतं, सिस्टर. मला तं खोकला नव्हता,” ती म्हणाली. “म्हणून त्या डबीत मी थुंकले.”