एक नंबर मोठी बॅटरी

नवी बॅटरी जुनीपेक्षा चार बोटं लांब होती आणि गाडीतल्या ट्रेमध्ये काही केल्या बसेना. मेकॅनिकनं ट्रेचा पुढचा काठ कापला, खाली रबराचा तुकडा टाकला, बॅटरी ठेवून बघितली आणि बॉनेट हळूच खाली आणून फटीतून आत डोकावला. वर दोन बोटं जागा राहत होती.

"बसेल," तो म्हणाला. "पण काका, एवढ्याशा गाडीला एवढी मोठी कशाला? आहे ती साइज पुरे होती की."

"आता गाडी ही चालवणार." काकांनी घराच्या दाराकडे मान वळवली. "माझ्या डोळ्यांनी मला रिटायर केलं. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि ही पडली विसराळू. हिनं दिवसभर दिवे चालू ठेवले तरी गाडी सुरू झाली पाहिजे."

काकू दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. सहा वर्षं त्यांनी गाडीची चावी हातात घेतली नव्हती. आज सकाळी मात्र त्या 'बघू' म्हणाल्या होत्या. काकूंचं 'बघू' म्हणजे अर्धं 'हो', हे एवढ्या वर्षांच्या संसारात काकांना पाठ झालं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी ही बॅटरी मागवली होती. भेट द्यायची तर तिच्यासोबत एक टोमणाही बांधून द्यायचा, ही त्यांची जुनीच तऱ्हा.

मेकॅनिक जुन्या बॅटरीच्या वायरी सोडवायला लागला. एका वायरीच्या टोकाचा क्लॅम्प नट न फिरवताच त्याच्या हातात आला. आत पांढरट हिरवी भुकटी साचली होती आणि भुकटीत पत्र्याची दुमडलेली पट्टी होती.

"हे कुणाचं काम?"

"माझंच. क्लॅम्प तुटला तेव्हा बाजारातून दुसरा आणून मीच बसवला. जरासा मोठा निघाला, म्हणून डब्याच्या झाकणाची पट्टी कापून आत सरकवली." काकांच्या आवाजात थोडी ऐटच होती. "तुमच्यासारख्यांना बोलवायची वेळ आली नाही."

"मग गाडी कधी एकदम मुकी व्हायची का? चावी फिरवली तरी काहीच नाही?"

"एकदाच. ही वाचनालयापुढे उभी करून गेली, दिवे चालू ठेवून. परत येते तर गाडी ठार. अरुंद रस्ता, मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट, आणि मला फोन. मी गेलो, बॉनेट उघडलं, वायरीच्या टोकावर पान्याचे दोन टोले दिले. एका चावीत गाडी सुरू."

हा किस्सा काकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना इतक्यांदा सांगितला होता की लोक कुठे हसतात तेही त्यांना ठाऊक होतं. मेकॅनिक हसला नाही. तो फडक्यानं पट्टी पुसत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लहान तोंडी मोठा घास होतो काका, पण उतरलेली बॅटरी टोल्यानं भरत नाही."

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"बॅटरी भरलेलीच असणार. हा क्लॅम्प सैल होता. टोल्यानं जागेवर बसला, एवढंच."

हे काकांना तेव्हाच कळायला हवं होतं. टोले त्यांच्याच हातचे होते. पण खापर फोडायला बायको समोर उभी असताना वायरींकडे कोण बघतो? 'मी बंद केले होते हो,' असं काकू त्या दिवशी भर रस्त्यात तीनदा म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा ठणकावून, दुसऱ्यांदा हळू. तिसऱ्यांदा तर त्या काकांनाच विचारत होत्या.

मेकॅनिकनं नवी बॅटरी बसवली, लांब बोल्ट घालून वरची पट्टी आवळली, दोन्ही क्लॅम्प हलवून बघितले. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. ती बंद करून त्यानं चावी काकांच्या हातात दिली आणि हात धुवायला नळाकडे गेला.

काका पायरीपाशी आले. बोलले नसते तरी चाललं असतं. मेकॅनिक थोड्या वेळात जाणार होता, आणि काकूंना एवढ्या लांबून काही ऐकू गेलं नव्हतं. पण त्यांना ते गिळवेना.

"अगं, त्या दिवशी तू दिवे बंद केले होतेस."

काकूंनी वर पाहिलं.

"वाचनालयापुढे. चूक माझी होती. क्लॅम्प मी सैल बसवला होता. लोकांसमोर तुला नाही नाही ते बोललो, आणि पुढेही बोलतच राहिलो. चुकलं माझं."

"नक्की बंद होते?"

"नक्की." काकांनी घाईघाईनं चावी पुढे केली. "चल, चौकापर्यंत एक चक्कर मारून येऊ. मी शेजारी बसतो. एक शब्द बोलणार नाही."

काकूंनी चावी घेतली नाही. 

"त्याच वर्षी लेकीनं मला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा. बाळाला सांभाळायला."

"हो. कंबर दुखते म्हणून तू नाही म्हणालीस."

"तिला वाटलं, आईला करायचंच नाही. तेव्हापासून तिनं कधी काही मागितलं नाही मला."

"कंबरेचं आपण काय करणार?"

"कंबर दुखत नव्हती हो," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आज गाडीचे दिवे विसरते, उद्या बाळालाच गाडीत विसरून येईन."