हिनोकियाच्या दारातली रांग

"शेवट इथेच ना?" कुसाकाबेने विचारलं.

"शेवट इथेच आणि सुरुवातही इथेच," हिरव्या टोपीतली बाई म्हणाली. "मोजा ना. चार माणसं. तुम्ही पाचवे."

त्याने मोजली. खरंच चार होती. ओसाकाच्या निप्पोनबाशी भागातलं हिनोकिया दुकान, सकाळचे पावणेनऊ, आणि 'घंटायात्री' या व्हिडिओ गेमचा चौथा भाग घ्यायला चार माणसं! बंद शटरवर दोन पुरुष उंचीचं चित्र चिकटवलेलं होतं. राखेने माखलेला योद्धा आणि त्याच्यापुढे डोंगराएवढा ड्रॅगन.

अकरा वर्षांनी या खेळाचा नवा भाग येत होता. पडक्या देवळांतल्या सात घंटा वाजवायला निघालेल्या त्या योद्ध्याने तीन भागांत पाच वाजवल्या होत्या. आता सहावी. सातवीबद्दल कंपनीने स्पष्टच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दुकानांपुढे रांगा लागल्या तर पाचवा भाग निघेल, नाहीतर मालिका इथेच बंद. कुसाकाबेला सातवी घंटा ऐकायची होती. वय छप्पन्न, गुडघा दुखरा. आणखी अकरा वर्षं थांबायची त्याची तयारी होती, पण आशा सोडायची नव्हती.

त्याने मास्क नाकावर ओढला. बाकीच्यांचेही मास्क डोळ्यांपर्यंत आणि टोप्या भुवयांपर्यंत होत्या.

"गोळी घ्या काका," बाईने पिशवीतून आल्याची गोळी काढली. "मयताला आल्यासारखं तोंड करून उभे आहात."

"चारच माणसं हो, ताई."

"पाच. मी तुम्हाला धरलंय."

पुढचा जाडा गृहस्थ वळला. "तिसऱ्या भागाने घात केला. ती दलदल! दोन तास नुसतं चिखलात चालायचं. लोक वैतागणारच."

"दलदलीला नावं ठेवू नका," त्याच्यापुढचा उंच माणूस एकदम म्हणाला. "आठ महिन्यांचं काम तीन महिन्यांत उरकायला लावलं तर काय होणार?"

"तुम्हाला काय माहीत?"

"वाचलं कुठेतरी."

"चिखलाची बाजू घेणारा माणूस पहिल्यांदाच बघितला," जाडा म्हणाला. "तुमचा सत्कार करायला हवा. त्याच चिखलात!"

रांगेत सगळ्यात पुढे उभी असलेली मुलगी फस्सकन हसली.

"आणि या वेळी म्हणे तीनशे जणांनी आपापल्या गावी घरी बसून खेळ बनवला," जाडा पुढे म्हणाला. "एकमेकांची तोंडंही बघितली नाहीत."

"तोंड बघून काय करायचंय?" बाई म्हणाली. "जीव ओतला असेल तर झालं."

दुकानाशेजारच्या बोळात दोघं-तिघं करत माणसं वळत होती. बोळाच्या टोकाला देवळाची कमान दिसत होती. गुरुवारची सकाळ, कामाचा दिवस, आणि तरी एवढी माणसं देवाच्या पायाशी चालली आहेत हे बघून कुसाकाबेला आतून बरं वाटलं. त्यानेही कमानीच्या दिशेने दोनदा टाळी वाजवून हात जोडले.

"काय मागितलंत?" बाईने विचारलं.

"माणसं. तुमच्यासारखी शंभर."

"माझ्यासारखी शंभर आली तर देव दार लावून घेईल, काका!"

साडेनऊ झाले. सहावं माणूस आलं नाही.

"पहिल्या भागातली ती पहिली घंटा," पुढची मुलगी हळूच म्हणाली, "आठवली की मला अजून रडू येतं."

"ती घंटा नव्हतीच," कुसाकाबे म्हणाला. "लोखंडी कढई होती. आवाज पकडायला विहिरीत सोडून वाजवलेली. चारशे वेळा."

चौघंही त्याच्याकडे बघायला लागले.

"वाचलं कुठेतरी," तो पुटपुटला.

जाड्याने घसा साफ केला. "पाच तर पाच. प्रत्येकाने तीन-तीन घेऊ. आकडा तरी फुगेल."

"नको," कुसाकाबे म्हणाला. "खोट्या गर्दीने वाजलेली घंटा मला ऐकायची नाही. कुणाला मनापासून हवी असेल तरच वाजू दे."

यावर कुणी थट्टा केली नाही. बाईने आणखी एक गोळी त्याच्या हातावर ठेवली.

दहाला शटर वर गेलं. ॲप्रन बांधलेली म्हातारी मालकीण बाहेर आली आणि पाच जणांना बघून थबकली.

"अगं बाई! तुम्ही इथे कशाला उभे?"

"रांग," कुसाकाबे म्हणाला.

"इथे कुठली रांग? शेजाऱ्यांच्या दारात गर्दी नको म्हणून वीस वर्षं झाली, आम्ही नंबराच्या चिठ्ठ्या मागे देवळाच्या आवारात वाटतो. आज सकाळपासून सहाशे चाळीस वाटल्या. पुजारी म्हणतात, पाय ठेवायला जागा नाही. माल पुरायचा नाही म्हणून आता कोबेहून दुसरी गाडी येते आहे."

तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून जल्लोष उठला. शेकडो गळे एकदम ओरडले. जाड्याने उंच माणसाला दलदलीसकट मिठीत घेतलं. बाईने टोपी हवेत उडवली. पुढची मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती आणि हसतही होती. कुसाकाबेने गुडघा विसरून चक्क उडी मारली.

मालकीण हाताची घडी घालून बघत राहिली. त्यांचं नाचणं थांबेपर्यंत थांबली.

"माझं गिऱ्हाईक झोपेतसुद्धा या दाराशी उभं राहणार नाही," ती म्हणाली. "ही चूक एकाच तऱ्हेची माणसं करतात. प्रत्येक भागाच्या दिवशी बघते मी. खरं सांगा, हा खेळ बनवणारं कोण आहे तुमच्यात?"

कुसाकाबेने मान खाली घातली आणि हळूच हात वर केला. मग शेजारी बघितलं.

पाचही हात वर होते.